रात्रपाळीतील संगणक : कामांची वेळ कोण ठरवते, त्यांना जागे कोण करते?

बंगळुरू : बँकेच्या शाखेचे दार सायंकाळी बंद होते, परंतु बँकेच्या संगणकांचे एक मोठे काम त्यानंतरच सुरू होते. दिवसभराच्या नोंदी तपासणे, व्याजाची आकारणी करणे, कर्जाचे हप्ते वळते करणे, थकीत खाती वेगळी काढणे आणि दुसऱ्या दिवसाची तारीख लावणे अशी शेकडो कामे रात्रीच्या काही तासांत पार पडतात. ग्राहकाला त्यांची चाहूल लागत नाही. सकाळी पगार खात्यात जमा दिसला, की त्या रात्रीचे काम सुरळीत झाले असे समजावे.

संगणकशास्त्रात अशा कामांना पार्श्वभूमीवरील कामे किंवा 'बॅच जॉब' म्हणतात. एटीएममधून पैसे काढताना माणूस यंत्रासमोर उभा असतो आणि उत्तर काही सेकंदांत यावे लागते. पार्श्वभूमीवरील कामासमोर कोणीही उभे नसते. ते काही मिनिटे, काही तास किंवा काही दिवसही चालू शकते. त्यामुळेच तीन प्रश्न महत्त्वाचे ठरतात. ते केव्हा सुरू करायचे? मध्येच थांबले तर कोणाला कळणार? आणि दुसऱ्या कशाची तरी वाट पाहत असेल तर त्याला जागे कोण करणार?

या प्रश्नांचा बंगळुरू शहराशी निकटचा संबंध आहे. अनेक बँका वापरत असलेली 'फिनॅकल' ही प्रणाली इन्फोसिसने येथे विकसित केली. २०१५ मध्ये ती एजव्हर्व या उपकंपनीकडे सोपवण्यात आली. उद्योगांची हिशेबप्रणाली पुरवणाऱ्या सॅप या जर्मन कंपनीचे विकासकेंद्र १९९८ पासून शहरात आहे. देशभरातील प्राप्तिकर विवरणपत्रांवर प्रक्रिया करणारे केंद्रही बंगळुरूमध्येच आहे.

'दिवसअखेर' म्हणजे काय?

बँकेच्या प्रणालीत दिवस घड्याळावर संपत नाही. सर्व शाखांच्या अपूर्ण नोंदी पूर्ण झाल्या किंवा रद्द केल्या गेल्या, जमा आणि नावे बाजूंचा मेळ बसला आणि ठरलेली आकारणी झाली, की मगच प्रणालीतील तारीख पुढे सरकते. या साखळीला दिवसअखेरची प्रक्रिया म्हणतात. रात्रीचा एक वाजून गेला तरी प्रणालीच्या लेखी अजून आदलाच दिवस चालू असू शकतो.

ही केवळ तांत्रिक सोय नाही. पूर्वी बचत खात्यावरील व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या तारखेपर्यंतच्या किमान शिलकीवर मोजले जाई. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ एप्रिल २०१० पासून ते रोजच्या शिलकीवर मोजले जाऊ लागले. शाखाशाखांतून वह्या ठेवल्या जात असताना असा बदल अवघड होता. संगणकांच्या रात्रपाळीमुळे तो शक्य झाला.

दुसरे उदाहरण कर्जदारांशी संबंधित आहे. खाते थकीत कोणत्या तारखेपासून मानायचे, याबाबत रिझर्व्ह बँकेने १२ नोव्हेंबर २०२१ रोजी स्पष्टीकरण दिले. देय तारखेच्या दिवसअखेर प्रक्रियेतच खात्यावर थकबाकीची खूण करावी आणि ती प्रक्रिया प्रत्यक्षात किती वाजता चालली याचा विचार करू नये, असे त्यात सांगितले होते. परिपत्रकातील उदाहरणानुसार, ३१ मार्च २०२१ रोजी देय असलेली पूर्ण रक्कम त्या दिवसाच्या दिवसअखेर प्रक्रियेपूर्वी आली नाही, तर थकबाकीची तारीख ३१ मार्च हीच राहते. थकबाकी तशीच राहिल्यास २९ जून २०२१ च्या दिवसअखेरीस ते खाते अनुत्पादक ठरते. म्हणजे एखाद्या लहान उद्योजकाची पत कोणत्या दिवशी घसरली हे शाखाधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. रात्री चालणारे एक काम ते ठरवते. ते काम वेळेवर आणि अचूक चालणे म्हणूनच सार्वजनिक हिताचे आहे.

पहिला मार्ग : घड्याळाचा

काम सुरू करण्याचा सर्वांत जुना आणि सोपा मार्ग म्हणजे घड्याळ. युनिक्स या संगणक प्रणालीच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीत 'क्रॉन' नावाचा कार्यक्रम होता. तो दर मिनिटाला जागा होई, वेळापत्रकाची फाइल वाची आणि त्या मिनिटाची कामे सुरू करून पुन्हा झोपी जाई. पुढे पॉल विक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेली त्याची आवृत्ती सर्वत्र पसरली. वेळापत्रकातील प्रत्येक ओळीत मिनिट, तास, महिन्यातील तारीख, महिना आणि वार अशी पाच स्थाने असतात. ही पद्धत आजही जगभर वापरात आहे.

मात्र व्यवसायाचे दिनमान या पाच स्थानांत मावत नाही. १ सप्टेंबर २०१५ पासून देशातील बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. दुसरा शनिवार नेहमी ८ ते १४ या तारखांमध्येच येतो. तेव्हा तारखेच्या जागी '८ ते १४' आणि वाराच्या जागी 'शनिवार' लिहिले, की काम झाले असे कोणालाही वाटेल. परंतु क्रॉनच्या नियमानुसार तारीख आणि वार दोन्ही दिले असतील, तर त्यांपैकी एक जुळले तरी काम सुरू होते. परिणामी ते काम ८ ते १४ या सातही दिवशी चालेल आणि शिवाय महिन्यातील प्रत्येक शनिवारी चालेल. महिन्याच्या ३१ तारखेला लावलेले काम तर वर्षातील पाच महिन्यांत चालणारच नाही. म्हणून मोठ्या संस्थांच्या वेळापत्रक प्रणालीत सुट्ट्यांचे स्वतंत्र पंचांग ठेवावे लागते.

बंगळुरूतून परदेशी ग्राहकांची कामे पाहणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. भारतात वर्षभर एकच प्रमाणवेळ असते. अमेरिकेच्या बहुतेक भागांत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळ एकदम तीनवर नेतात, तर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते एक तास मागे घेतात. त्यामुळे मार्चमधील त्या दिवशी पहाटे अडीच ही वेळ अस्तित्वातच नसते आणि नोव्हेंबरमधील त्या दिवशी दीड ही वेळ दोनदा येते. स्थानिक वेळेवर लावलेले काम एकदा सुटते आणि एकदा दोनदा चालते, निदान तसा धोका असतो. यासाठी वेळापत्रक जागतिक प्रमाणवेळेत ठेवण्याची पद्धत रूढ झाली. तेथेही हे लक्षात ठेवावे लागते, की त्या घड्याळातील मध्यरात्र म्हणजे भारतातील पहाटेचे साडेपाच.

दुसरा मार्ग : आधीचे काम संपल्याची खूण

समजा, रात्री १ वाजता व्याज आकारणी आणि २ वाजता खातेउतारे तयार करण्याचे काम लावले आहे. एरवी आकारणी ४० मिनिटांत संपते. परंतु तिमाहीच्या अखेरीस ती ७० मिनिटे चालली, तर उतारे अर्धवट आकड्यांवर तयार होतील. दोन्ही कामे आपापल्या वेळी सुरू झाली आणि कोणतीही सूचना आली नाही, तरीही निकाल चुकला. घड्याळावर विसंबण्यातील हा मुख्य दोष आहे. घड्याळ वेळ सांगते, आधीचे काम पूर्ण झाले की नाही हे सांगत नाही.

म्हणून व्यावसायिक शेड्युलर कामांची साखळी मांडतात. आकारणी यशस्वी झाल्याची नोंद झाली, तरच उतारे सुरू होतात. एखादी फाइल येऊन पोहोचली, एखादा संदेश मिळाला किंवा एखाद्या अधिकाऱ्याने मंजुरी दिली, की काम जागे होते. सॅपच्या प्रणालीतही काम ठरलेल्या वेळी, दुसरे काम संपल्यावर किंवा विशिष्ट घटना घडल्यावर सुरू करता येते. वेळेवर लावलेल्या कामांसाठी तेथील शेड्युलर मूळ मांडणीत दर ६० सेकंदांनी यादी तपासतो.

ही साखळी बिघडली तर काय होते, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये घडले. जून २०१२ मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड समूहाने आपल्या बॅच शेड्युलरची नवी आवृत्ती बसवली. अडचणी दिसताच ती काढून जुनी आवृत्ती परत आणण्याचा निर्णय झाला. परंतु त्याचे परिणाम आधी तपासले गेले नव्हते आणि दोन आवृत्त्यांचा मेळ बसत नव्हता. कामांची साखळी तुटली आणि न झालेल्या कामांचा ढीग साचत गेला. नेटवेस्ट, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि अल्स्टर बँक यांच्या ब्रिटनमधील सुमारे ६५ लाख ग्राहकांना त्याची झळ पोहोचली. अल्स्टर बँकेतील अडचणी तर जुलैपर्यंत चालल्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये तेथील नियामकांनी या समूहाला एकूण ५ कोटी ६० लाख पौंडांचा दंड केला. खात्यांतील पैसे कोठेही गेले नव्हते. कोणते काम कधी चालवायचे हे सांगणारा भाग तेवढा बिघडला होता.

तिसरा मार्ग : वारंवार विचारणे की निरोपाची वाट पाहणे?

काही कामे बाहेरच्या उत्तरासाठी थांबतात. अशा वेळी दोन पद्धती असतात. एक म्हणजे 'झाले का?' असे ठरावीक अंतराने विचारत राहणे. दुसरी म्हणजे 'झाले की कळवा' असे सांगून झोपी जाणे. पहिली पद्धत लिहायला सोपी आहे, कारण समोरच्याकडून काही अपेक्षा ठेवावी लागत नाही. परंतु विचारणारे असंख्य झाले, की उत्तर देणाऱ्याचा सारा वेळ उत्तरे देण्यातच जातो.

याचा अनुभव देशाने एप्रिल २०२५ मध्ये घेतला. १२ एप्रिल रोजी यूपीआयची सेवा काही तास विस्कळीत झाली. काही बँकांकडून जुन्या व्यवहारांच्या स्थितीविषयीही पुन्हा पुन्हा चौकशा येत होत्या आणि त्यांच्या भाराने प्रणाली मंदावली, असे राष्ट्रीय देयक महामंडळाच्या तपासणीत आढळले. त्यानंतर महामंडळाने चौकश्यांवर मर्यादा घातल्या. पहिली चौकशी किमान ९० सेकंदांनी करावी आणि एका व्यवहारासाठी अशा चौकश्या जास्तीत जास्त तीनच असाव्यात, असे ठरले.

याच नियमांत वेळापत्रकाचाही विचार होता. वर्गणी, विमाहप्ता अशा आपोआप वळत्या होणाऱ्या रकमांची कामे १ ऑगस्ट २०२५ पासून गर्दीच्या वेळेबाहेर, म्हणजे सकाळी १० पूर्वी, दुपारी १ ते ५ या वेळेत आणि रात्री साडेनऊनंतर करण्याचे बंधन आले. एक प्रयत्न फसल्यास आणखी तीनदाच प्रयत्न करता येतो. दुकानात पैसे देणारा माणूस थांबू शकत नाही, महिन्याची वर्गणी मात्र दुपारपर्यंत थांबू शकते, हे साधे तत्त्व त्यामागे आहे.

दीर्घकाळ झोपलेले काम

प्राप्तिकराच्या बंगळुरू केंद्राची कार्यपद्धती दीर्घकाळ थांबलेल्या कामाचे बोलके उदाहरण आहे. केंद्र सरकारने २००९ मध्ये या केंद्राला मंजुरी दिली. सुरुवातीच्या काळात अनेक करदाते विवरणपत्र संगणकावर भरत. परंतु सहीची पोचपावती इलेक्ट्रॉनिक सिटीच्या टपाल कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवावी लागे. तो कागद येईपर्यंत त्या विवरणपत्राची प्रक्रिया थांबलेली असे. नागपूर किंवा सोलापूरच्या करदात्याचा परतावा एका टपाल पाकिटाच्या प्रवासावर अवलंबून होता. त्यासाठी १२० दिवसांची मुदत होती. २०१५ पासून इलेक्ट्रॉनिक पडताळणीची व्यापक सोय झाली आणि १ ऑगस्ट २०२२ पासून मुदत ३० दिवसांवर आली.

लाखो विवरणपत्रे अशी थांबलेली असताना प्रत्येकासाठी संगणकाचा एक भाग अडवून ठेवणे परवडणारे नसते. म्हणून थांबणारे काम आपली स्थिती डेटाबेसमध्ये लिहून ठेवते. आपण कोणत्या टप्प्यावर आहोत, कोणत्या निरोपाची वाट पाहत आहोत आणि तो न आल्यास कोणत्या तारखेला जागे व्हायचे, एवढ्या तीन गोष्टी त्या नोंदीत असतात. त्यानंतर ते काम स्मृतीतून पूर्णपणे बाहेर पडते. निरोप आला किंवा मुदत संपली, की शेड्युलर ती नोंद उघडतो आणि काम पुढे चालू करतो. मधल्या काळात यंत्र बदलले किंवा वीज गेली, तरी फरक पडत नाही. उबरने २०१७ मध्ये खुली केलेली 'केडन्स' ही प्रणाली आणि तिच्यातून निघालेली 'टेम्पोरल' याच तत्त्वावर चालतात.

मुदत संपल्यावर काय करायचे हा प्रश्न तंत्राचा नसून धोरणाचा असतो. धनादेशांच्या अखंड वटवणुकीची पद्धत ४ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झाली. तिच्या पहिल्या टप्प्यात पैसे देणाऱ्या बँकेला सायंकाळी ७ पर्यंत होकार किंवा नकार कळवायचा होता. काहीच न कळवल्यास धनादेश मंजूर समजला जाईल, असा नियम करण्यात आला. मौन म्हणजे नकार असाही नियम करता आला असता. परंतु तसे केले असते, तर विलंबाचा भुर्दंड ग्राहकावर पडला असता.

काम मध्येच बंद पडले तर?

एका काल्पनिक बँकेत एक कोटी खाती आहेत आणि प्रत्येक खात्यासाठी सेकंदाचा शंभरावा भाग लागतो असे मानू. एकामागून एक सर्व खाती हाताळायची तर एक लाख सेकंद, म्हणजे सुमारे २८ तास लागतील. दिवसाचे २४ तासच असल्याने हे काम कधीच संपणार नाही. तेच काम वीस भागांत विभागून एकाच वेळी चालवले, तर साधारण ८३ मिनिटांत आटोपते. मात्र विभागणी केली, की अपयशाच्या शक्यताही वाढतात. अठरा भाग पूर्ण झाले आणि दोन बंद पडले, तर काय करायचे?

यासाठी काही शिस्ती पाळल्या जातात. पहिली म्हणजे टप्प्याटप्प्याने नोंद करणे. दर काही हजार खात्यांनंतर 'येथपर्यंत झाले' अशी खूण ठेवली जाते, म्हणजे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागत नाही. दुसरी शिस्त अधिक महत्त्वाची आहे. तेच काम चुकून दोनदा चालले, तरी परिणाम एकदाच झाला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक हप्त्याला कर्जखाते आणि देय महिना यांवरून एक ठरलेला क्रमांक दिला जातो. तो क्रमांक आधीच नोंदलेला आढळला, तर दुसऱ्यांदा रक्कम कापली जात नाही. ही काळजी घेतली नसेल, तर बंद पडलेले काम पुन्हा सुरू करणे हाच मोठा धोका ठरतो.

तिसरी शिस्त कुलपाची. दोन यंत्रांनी एकच काम एकाच वेळी हाती घेऊ नये म्हणून पहिले यंत्र त्यावर कुलूप लावते. पण कुलूप लावणारे यंत्रच बंद पडले, तर काम कायमचे अडकेल. म्हणून कुलपाला थोड्या वेळाची मुदत असते आणि काम करणारे यंत्र 'मी चालू आहे' असा संदेश ठरावीक अंतराने पाठवून ती मुदत वाढवत राहते. संदेश थांबले, की मुदत संपते आणि दुसरे यंत्र काम हाती घेते.

चौथी शिस्त मात्र अनेकदा दुर्लक्षित राहते. फसलेले काम सूचना पाठवू शकते. सुरूच न झालेले काम काहीच पाठवत नाही. म्हणून 'पहाटे चारपर्यंत हे काम संपल्याची नोंद आली नाही तर कळवा', अशी पहारा ठेवणारी व्यवस्था वेगळी आणि शक्यतो वेगळ्या यंत्रावर असावी लागते.

रात्र लहान होत आहे

या साऱ्या व्यवस्थेचा पाया म्हणजे ग्राहक झोपलेले असतानाचा निवांत काळ. तो आता उरलेला नाही. एनईएफटी व्यवस्था नोव्हेंबर २००५ मध्ये सुरू झाली, तेव्हा ती कामाच्या दिवशी, ठरावीक वेळांतच चाले. जुलै २०१७ मध्ये तिचे गठ्ठे दर अर्ध्या तासाने निघू लागले. १६ डिसेंबर २०१९ पासून ती चोवीस तास खुली झाली आणि रोज असे ४८ गठ्ठे निघू लागले. त्यानंतर १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस आणि १ ऑगस्ट २०२१ पासून हप्ते व पगार वळते करणारी एनएसीएच व्यवस्थाही सर्व दिवस चालू झाली. रविवारी पगार जमा होतो, तसा रविवारी कर्जाचा हप्ताही कापला जातो.

यामुळे दिवसअखेरचे काम ग्राहकांचे व्यवहार न थांबवता करावे लागते. मध्यरात्रीनंतर आलेला व्यवहार कोणत्या तारखेत धरायचा, जुनी तारीख मिटवली जात असताना शिल्लक कोठून दाखवायची, याची उत्तरे आधीच ठरवावी लागतात. जी कामे शक्य आहेत ती रात्रीच्या मोठ्या गठ्ठ्यातून काढून दिवसभरात विखरून केली जातात. प्राप्तिकर विभागाच्या नव्या एकात्मिक प्रकल्पाला जानेवारी २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तेव्हा विवरणपत्रांवरील प्रक्रियेचा काळ ६३ दिवसांवरून एका दिवसावर आणण्याचे उद्दिष्ट सांगितले गेले होते. त्यामागेही हाच विचार होता.

तरीही गठ्ठ्याने होणारी कामे पूर्णपणे नाहीशी होण्याची शक्यता नाही. व्याज, कर, पगार आणि थकबाकी या संकल्पनाच मुळी दिवस, महिना आणि वर्ष या कालखंडांवर उभ्या आहेत. जोवर हिशेबाला तारीख आहे, तोवर ती तारीख बदलण्याचे काम कोणाला तरी करावेच लागेल. सामान्य ग्राहकाने यातून एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवावी. हप्त्याची रक्कम देय तारखेच्या रात्री नव्हे, तर आदल्या दिवशीच खात्यात असावी. संगणकाचा दिवस केव्हा संपेल हे भिंतीवरच्या घड्याळावरून कळत नाही.